तहसीलदाराचं घर

माझ्या धाकट्या भावानं, नाम्यानं, कुत्र्यासाठी घर बांधायला घेतलं तेव्हा कुत्र्याचा कुठं पत्ताच नव्हता. आठ वर्षांचं पोर ते. छपराचे फुटके कवेलू, नाल्यातली पांढरी माती आणि विहिरीच्या कामातून उरलेल्या चार विटा, एवढ्यावर त्यानं आंगणातल्या कडूनिंबाखाली माझ्या गुडघ्याइतक्या भिंती उभ्या केल्या. दार केवढं ठेवायचं ते त्यानं स्वतःचं डोकं आत घालून मापलं. डोकं आत गेलं, बाहेर येताना कान अडकले. मग बोंब मारून माझ्याकडून वरची वीट काढवून घेतली आणि ‘कुत्र्याले बी कान असतात’ असं म्हणून दार दोन बोटं वाढवलं. नाव तर त्याच्याही आधी ठरलेलं होतं. तहसीलदार. आमच्या गावी एकदा तहसीलदारसाहेब घोड्यावरून आले होते, तेव्हा पाटलापासून कोतवालापर्यंत सगळे हात बांधून उभे राहिले आणि गावची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. नाम्यानं ते पाहिलं आणि जगात याहून मोठं काही नाही असं ठरवून टाकलं. बाबा म्हणायचे, आपल्या बापाले कोणी बसा म्हणत नाही, अन् याच्या कुत्र्याले लोकायनं साहेब म्हणा.

आमचं राहणं वाडीतच, म्हणजे मळ्यातच होतं, गावापासून हाकेच्या अंतरावर. थोडी संत्र्याची झाडं, बाकी वांगी, मेथी, मिरची, कांदे. एक दिवसाआड बाबा बैलबंडी भरून अमरावतीच्या बाजारात माल नेत. माझी थोरली बहीण सुभद्रा, तिला आम्ही बाई म्हणायचो, ती अकोल्याला दिलेली. जावई कापसाच्या जिनात कामाला होते. त्यांच्या आंगणात एक तांबडी कुत्री होती, ती वर्षाकाठी पिल्लं घाली, आणि पुढच्या वेतातलं एक नाम्याला द्यायचं बाईनं कबूल केलं होतं. म्हणून तर हे घरकाम निघालं. भिंती झाल्या, छपराला दोन तुराट्या आडव्या टाकल्या, आणि श्रावणात नाम्याला ताप आला. नवव्या दिवशी तो गेला. हे मी एवढ्याशा जागेत लिहिते आहे, कारण तेव्हाही ते एवढ्याशा वेळात झालं.

त्यानंतर आमच्या घरात जे रडणं झालं ते सगळं त्याच्याच नावानं झालं. माय तर इतकी रडली की तिचा आवाज बसला, तो पुढं आयुष्यभर थोडा घोगराच राहिला. दिवाळीच्या सुमारास ते थांबलं. दुःख सरलं म्हणून नव्हे. एखाद्या दिवशी मोट वर यावी आणि तिच्यात नुसता गाळ यावा, तसं झालं. मग आम्ही तिघं आपापलं काम करत राहिलो. माय भाकरी थापे, आम्ही खाऊ. कधी वरणात मीठ नसे, कधी दोनदा पडलेलं असे. ताटं तशीच रिकामी होत. बाबा मोट हाकताना पूर्वी गात, सगळ्या शिवारात ऐकू जाई असा गळा होता त्यांचा. आता नुसतं ‘हो, हो’ म्हणत. बैलांना गाण्याची सवय. ते धावेवर मध्येच थबकायचे, मागं वळून पाहायचे, मग पुढं जायचे. विहिरीच्या चाकाचा कुईकुई आवाज मात्र पहिल्यासारखाच होता, आणि मला त्याचा राग यायचा.

मार्गशीर्षात अकोल्याहून कार्ड आलं. घरात वाचता येणारी मी एकटी. तिसरी पास झाले होते. बाईला लिहिता येत नव्हतं, तिचा दीर लिहून देई. सगळे खुशाल आहेत, मला आठवा महिना आहे, सासूबाई म्हणतात की तुमच्याकडे यंदाच मयत झाली म्हणून बाळंतपण इथंच करायचं. आणि खाली, कुत्री व्याली आहे, नाम्याचं पिल्लू काढून ठेवलं आहे, दीड महिन्याचं झालं की पाठवते. तिनं ‘नाम्याचं पिल्लू’ असंच लिहवून घेतलं होतं. मी ते वाचलं आणि मला वाटलं, खालची ओळ आपण गाळायला पाहिजे होती. माय तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली. बाबा म्हणाले, डुकरं लय झाली वाडीत, कुत्रं आणू. डुकरं दरवर्षीच असत.

मग आम्ही त्या कुत्र्यासाठी घर तयार करायला लागलो. परवा माझ्या नातीनं फोनवरून कुत्र्यासाठी गादी मागवली, हाडाच्या आकाराचं खेळणं मागवलं, आणि खोका उघडताना घरभर हसणं-खिदळणं. मी पाहत बसले. आमच्याकडं ते काम एखाद्या सरकारी हुकमासारखं झालं. पावसानं नाम्याच्या दोन भिंती विरघळल्या होत्या. बाबांनी त्या पुन्हा उचलल्या, पण दार होतं तेवढंच ठेवलं, त्याला हात लावला नाही. छपरावर कापसाच्या पळाट्या टाकल्या, वर कवेलू बसवले. पिल्लू जाऊन विहिरीत पडू नये म्हणून काठाला बाभळीच्या काट्या लावल्या. माय रोज ओट्याखाली वाळत घालायची त्या मिरच्या माडीवर नेल्या, कारण पिल्लू तोंड घालील आणि बोंबलत फिरेल. मातीचं एक परळ पाण्याला, एक दुधाला. बैलाच्या जुन्या माळेतली दोन घुंगरं काळ्या दोऱ्यात ओवून मी गळ्यासाठी गोफ केला. अंथरायला काय, हा प्रश्न आला तेव्हा बाबांनी वर दांडीकडं पाहिलं. दांडीवर नाम्याची गोधडी श्रावणापासून घडी घालून टाकलेली होती. मायनंही वर पाहिलं. मग ती उठली, गोणपाटाचा एक तुकडा घेऊन आली आणि म्हणाली, हे चालते.

आत सारवायचं तेवढं राहिलं होतं. त्या सकाळी मी शेण आणलं, मायनं त्यात पांढरी माती आणि पाणी घालून कालवायला घेतलं, आणि डाकवाला आला. हा माणूस एरवी सरळ ओट्यापर्यंत यायचा, तांब्याभर पाणी प्यायचा, संत्री असली तर दोन खिशात घालायचा. त्या दिवशी तो फाटकाबाहेरच थांबला. त्यानं कार्ड फाटकाच्या खांबावर ठेवलं, वर एक खडा ठेवला, आणि बाबांकडं न पाहता निघून गेला. मी जवळ गेले. राजाचं तोंड छापलेला कोपरा धड होता, त्याच्या समोरचा कोपरा फाडलेला होता. आता कोणाला सांगावं लागेल, तेव्हा सांगावं लागत नसे: कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर. ते घरात न्यायचं नाही, बाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची. बाबा मोटेवरून आले. माय शेणाचे हात तसेच धरून उभी राहिली. मी फाटकाबाहेर जाऊन वाचलं. शाळेत उभं राहून धडा वाचावा तसं, स्पष्ट, ओळीच्या शेवटी थांबून. ‘सौ. सुभद्रा हिला काल सकाळी देवाज्ञा झाली. कळावे. दुःख करू नये.’

आणि आम्ही केलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खोटं लिहून काय करायचं आहे या वयात. बाबांनी कार्ड माझ्या हातातून घेऊन फाडलं. बैल सोडले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि बडनेऱ्याचा रस्ता धरला, गाडी मिळेल ती पकडायला. आम्ही दोघी विहिरीवर गेलो. पाणी थंडगार होतं, मला हुडहुडी भरली, आणि माझ्या मनात आलं ते असं की आता कुत्रं कोण पाठवणार. बहीण गेली हे मला कळत होतं, बाईचं तोंड, तिची वेणी घालायची पद्धत, सगळं डोळ्यांपुढं येत होतं, पण पोटात काही हलत नव्हतं. माय ओल्या लुगड्यानं परत आली. तिनं शेणाच्या पाटीकडं पाहिलं. मग ती कडूनिंबाखाली बसली, खांद्यापर्यंत हात त्या घरात घातला आणि आतून सारवायला लागली.

तोवर शेजारच्या वाडीतली मथुराकाकू आली. रडण्यात तिचा हात धरणारी आसपासच्या दहा गावांत कोणी नव्हती. फाटकापासूनच तिनं गळा काढला, बाईच्या लहानपणापासून एकेक गोष्ट आठवून छाती पिटली, तिच्यामागं आणखी दोघी-तिघी आल्या. आणि समोर पाहतात तर माय कुत्र्याचं घर सारवते आहे. कोपऱ्यात हात पोचेना म्हणून आडवी पडली, गाल मातीला टेकवला, आणि बोटांनी चाचपून चाचपून सारवलं. मथुराकाकू रडायची थांबली. ‘काय करून राहिली व तू,’ असं तिनं विचारलं, तर माय म्हणाली, कालवलेलं वाळून जाईल. बायका एकमेकींकडं पाहत राहिल्या. नंतर मी त्यांचं कुजबुजणं ऐकलं, की हिच्या डोक्यावर परिणाम झाला. चूल पेटवायची नव्हती, म्हणून मथुराकाकूनंच सांजच्याला भाकरी आणि पिठलं आणून दिलं. चांगलं झालं होतं. मी आणखी मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना बाबा परत आले. लांबूनच दिसले, डोक्यावर टोपली, तिच्यावर उपरणं बांधलेलं. माय फाटकात जाऊन उभी राहिली. मयताघरून माणूस रिकाम्या हातानं येतो, ही टोपली कसली, हे काही आम्हाला कळेना. बाबा जवळ आले आणि त्यांनी आधी ते वाक्य टाकलं, मग टोपली खाली ठेवली.

‘जित्ती हाये.’

मग ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं ते असं. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ उभी होती. फलाटावर गरम भजी निघत होती, बाबांनी घेऊन खाल्ली. पोटची पोरगी गेली आणि आपण भजी खाऊन राहिलो, हे त्यांना दिसत होतं, तरी ते खात होते, आणि मिरचीचं भजं आलं तर त्याचं देठ नीट काढून टाकत होते. एवढं सगळं त्यांनी आम्हाला का सांगितलं कोण जाणे. पण बाबा एरवी बोलत नसत, आणि त्या दिवशी त्यांनी भज्यांपासून सुरुवात केली. अकोल्याला उतरून घरी पोचले तर आंगणात बाई बसलेली. पोट पुढं आलेलं, मांडीवर सूप, भोवती चार पिल्लं. बापाला पाहून तिचं तोंड फुललं. ‘बाबा, काहून आले हो असे, न सांगता?’ बाबा उभेच राहिले. तिला काही माहीत नव्हतं, हे त्यांना तिच्या तोंडावरून कळलं. आत दारात तिची सासू बोटानं गप्प राहायची खूण करत होती. बाबांना दुसरं काही सुचेना. ते म्हणाले, कुत्रं न्यायले आलो.

सासूनं त्यांना मागच्या दारी नेऊन सांगितलं. झालं होतं एवढंच, की बाई आंगणात मुगवड्या घालत बसली होती, वड्यांवर कावळा आला, तिनं हात उगारला, तो उडाला आणि तिच्या डोक्यावर बसला. डोक्यावर कावळा बसणं म्हणजे मरणाचा सांगावा, आणि तो टाळायचा एकच उपाय आमच्या लोकांत होता: ते माणूस मेलं असं त्याच्या माहेरी कळवून टाकायचं. माहेरचे खरं समजून रडले की मरण फसतं, रडून झालं आहे असं समजून परत जातं. चार दिवसांनी दुसरं कार्ड टाकून खरं कळवायचं. ज्याच्यासाठी केलं त्याला सांगायचं नाही, आणि जे रडणार त्यांनाही आधी कळता कामा नये, नाहीतर रडणं खोटं होतं. आठव्या महिन्यातली सून; म्हातारीनं घाबरून जाऊन तिच्या परीनं तिला वाचवायलाच ते केलं होतं. आज मला ते वेड्यासारखं वाटतं. तेव्हा वाटलं नाही. कोणालाच वाटलं नाही. बाबांना तिनं एवढंच विचारलं, रडले न घरचे? बाबा म्हणाले, हो. मग टळलं, असं म्हणून तिनं हात जोडले.

कुत्रं न्यायला आलो म्हटल्यावर कुत्रं नेणं भाग होतं. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं, अजून आईला पीत होतं. बाई म्हणत होती की आणखी पंधरा-वीस दिवस थांबा, पण बाबांना आणखी एक खोटं रचायचं त्राण नव्हतं. रस्ता ओळखून परत पळून जाऊ नये म्हणून टोपलीवर कापड बांधायची रीत आहे, तेही बाईनंच आपल्या हातानं बांधून दिलं. जे अजून धड चालत नाही ते अकोल्याला परत काय जाणार.

माय हे सगळं ऐकत होती. जिवंत आहे म्हटल्यावर तिच्या खांद्यातून काहीतरी उतरलं, मी पाहिलं ते. पण लगेच तिनं वर मान केली आणि म्हणाली, ‘आपण तं रडलोच नाही.’ बाबा म्हणाले, मथुरा रडली न, साऱ्या गावाले पुरेल इतकी रडली. ‘थे कोणाच्याबी दारी रडते. घरचं माणूस रडाले पाह्यजे.’ बाबांकडं पाहिलं तिनं. बाबांनी भजी खाल्ली होती. माझ्याकडं पाहिलं. मी पिठलं मागून घेतलं होतं. आणि ती स्वतः सारवत होती. पोरगी महिन्याभरात बाळंत होणार, कावळा डोक्यावर बसून गेलेला, आणि तिच्यावरचं मरण परत पाठवायला जे एक काम आम्हाला करायचं होतं ते आमच्या तिघांपैकी कोणी केलं नव्हतं. तिकडं बाबा ‘हो’ म्हणून आले होते.

तिनं मला समोर बसवलं आणि म्हणाली, रड. मी प्रयत्न केला. नाम्याचा विचार केला, बाईचा केला, शाळेत छडी बसली होती तिचा केला. तोंड वाकडं करून आवाज काढला तर तो मलाच खोटा वाटला. मायनं कांदा फोडून माझ्या डोळ्यांजवळ धरला. पाणी आलं, घळाघळा आलं, ती जवळ येऊन पाहत राहिली आणि म्हणाली, हे पाणी होय, रडणं नोय. मग भिंतीकडं तोंड करून ती स्वतः बसली. तिची पाठ मला दिसत होती. हलत नव्हती. थोड्या वेळानं तिनं सांगितलं, येत नाही. भाजी झाली नाही, असं सांगावं तसं.

टोपली सगळेच विसरलो होतो. तिच्यातून आधी बारीक कुरकुर आली, मग ते रडायला लागलं. मी उपरणं सोडलं. तांबडं, पोट सुटलेलं, डोळ्यांत अजून निळसर झाक, चारी पाय चार दिशांना जाणारे असं ते ध्यान. मी ते नाम्याच्या घरात ठेवलं, गोणपाटावर. आपल्या आईचा वास नाही, भावंडांची ऊब नाही, सारवलेल्या मातीची ओल. ते मान वर करून जे रडायला लागलं ते त्याच्या जिवाहून मोठं रडणं होतं. मध्ये श्वास घ्यायला थांबायचं, हुंदका द्यायचं, पुन्हा धरायचं. मला राहवेना. मी हात घालून त्याला उचललं, पोटाशी धरलं, आणि ते गप्प झालं. तेवढ्यात माय आली.

‘दे इकडं.’ तिनं पिल्लू घेतलं आणि घरात गेली. बाहेरून आणलेलं जनावर घरचं करायची आमची रीत होती: वासरू असो, शेळी असो, चुलीपुढं आणायचं, चुलीवरून तीनदा ओवाळायचं, राखेचं बोट कपाळाला लावायचं आणि घरच्या भाकरीचा घास द्यायचा. मग ते घरचं. मायनं तीनदा ओवाळलं, राख लावली. टोपल्यात परवाची घरची भाकरी उरली होती; ती त्याला खाता येणार नव्हती, तर तिनं स्वतः चावली, मऊ केली आणि बोटानं त्याच्या तोंडात सारली. त्यानं चाटली. मग तिनं वर हात केला, दांडीवरची गोधडी काढली, तशीच बगलेत धरून आंगणात आली, ती नाम्याच्या घरात अंथरली, आणि पिल्लू तिच्यावर ठेवलं. ते पुन्हा रडायला लागलं. माझे हात आपोआप पुढं गेले. तिनं माझा हात धरला.

‘राहू दे. घरचंच हाये आता. रडू दे त्याले.’

आम्ही तिघं कडूनिंबाखाली बसलो. ऊन उतरत होतं, बैल दावणीला कडबा खात होते, आणि त्या एवढ्याशा दारातून, नाम्याच्या डोक्याच्या मापाच्या, ते रडणं येत होतं. बाबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं होतं. माय हात जोडून बसली नव्हती, डोळे मिटून बसली नव्हती. ती नुसती लक्ष देऊन ऐकत होती, त्यातलं काही सुटू नये अशी. पाखरं झाडावर परतेपर्यंत ते रडलं आणि मग थकून झोपलं. मायनं आत हात घालून त्याच्या पाठीला लावला. म्हणाली, झालं. उठली आणि चूल पेटवली. म्हशीच्या दुधात पाणी घालून, कापसाचा बोळा भिजवून मी ते त्याला रोज पाजलं, आणि ते जगलं. दुसरं कार्ड, खरं कळवणारं, चौथ्या दिवशी आलं. कोपरे चारही धड होते, तरी डाकवाला फाटकाबाहेरच थांबला.

पुढचा महिना कसा गेला ते मला विचारू नका. माय रोज सकाळी फाटकाच्या खांबाकडं पाहायची, मगच झाडायला घ्यायची. मग एके दिवशी कोपऱ्याला कुंकू लावलेलं कार्ड आलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मायनं माझ्याकडून ते तीनदा वाचून घेतलं, कुंकू बोटानं खरवडून काढलं, आणि जाऊन तहसीलदाराच्या कपाळाला लावलं. तो तेव्हा घुंगरं वाजवत स्वतःची शेपटी पकडायच्या कामात होता.

तहसीलदार बारा वर्षं जगला. डुकरांना तो भीत असे, हे सांगायला हरकत नाही. तो गेला तेव्हा माझं लग्न झालं होतं, मी माहेरी आले होते, बाईही तिच्या पोरांना घेऊन आली होती. सकाळी तो कडूनिंबाखाली निपचित दिसला. माय त्याच्याजवळ बसली, त्याच्या पाठीला हात लावला, आणि एकदम तिचा गळा फुटला. तशी रडलेली मी तिला त्या श्रावणानंतर पाहिली नव्हती. त्या घोगऱ्या आवाजात ती नाम्याला हाका मारत होती, मध्येच सुभद्रे, सुभद्रे म्हणत होती, आणि सुभद्रा समोर उभी, कडेवर पोर, तिला काही कळेना. ‘काहून व,’ तिनं मला विचारलं, ‘कुत्र्यासाठी एवढं? अन् मले काहून हाका मारून राहिली?’ तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. कावळा, कार्ड, भजी, पिठलं, कांदा. बाईनं शेवटपर्यंत ऐकलं. तिला वाईट वाटेल म्हणून मी खाली पाहत होते. ती म्हणाली, ‘म्हणजे तू नाही रडली.’ मी म्हटलं, नाही. तिनं पोराला खाली ठेवलं, मायच्या शेजारी जाऊन बसली, आणि कुत्र्याचा कान सरळ केला. मला म्हणाली, ‘मंग मी खरंच मरीन तवा रडजो. उधार राहिलं समज.’ मी हो म्हटलं. ती हसली. बाईचं हसणं असंच होतं, नको तिथं यायचं.

बाई गेली त्याला आता दोन वर्षं होतील. ब्याऐंशी वर्षांची होऊन, पणतू पाहून गेली. कार्ड नाही आलं, भाच्याचा फोन आला. मी ‘बरं’ म्हटलं, फोन ठेवला आणि निवडायला घेतलेली मेथी निवडत बसले. सुनेला ऐकू गेलं होतं. ती चांगली आहे बिचारी. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, आई, मनात ठेवू नका, रडून मोकळ्या व्हा. मी म्हटलं, आमच्या घरी ते काम कुत्र्याकडं होतं. तिनं घाबरून माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि रात्री मुलगा अमरावतीच्या डॉक्टरांशी हळू आवाजात बोलत होता. माझं डोकं ठिकाणावर आहे. पण मला रडू आलेलं नाही, अजून नाही, आणि बाईला मी हो म्हटलं होतं.